बेट बुडायच्या आधी विहीर खारी होते

मृदावकाश :

दिवाळीच्या सुट्ट्यांची बुकिंगं सुरू झाली की आपल्या नागपुरात एक वाक्य हमखास कानावर येतं : "लक्षद्वीप, मालदीव आत्ताच पाहून घ्या, पुढे समुद्रात जाणार आहेत." मला ते फार खटकतं. एक तर तिथे माणसं राहतात, पिढ्यान् पिढ्या. दुसरं म्हणजे बेटांचं दुखणं नेमकं कुठे आहे, तेच या वाक्यात चुकतं. माझी नोकरीची वर्षं माती आणि जमीनवापराच्या नकाशांत गेली, त्यामुळे बेटांकडेही मी त्याच नजरेने बघतो. जरा सविस्तर लिहितोय, भर घालाच.

लक्षद्वीप घ्या. ३६ बेटं, त्यांतल्या १० वर वस्ती, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. आपल्या महापालिकेची हद्दच याच्या सुमारे सातपट भरेल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांवर होती. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच. डोंगर नाही, नदी नाही, साधा ओढाही नाही, पायाखाली सगळा प्रवाळाचा चुरा. पाऊस वर्षाला १६०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नागपूरहून जास्त, पण तो साठवायला आपल्या अंबाझरी-गोरेवाडा तलावांसारखं काही नाही.

मग लोक पितात काय? तर हाच पाऊस. तो वाळूतून खाली मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं आणि समुद्राचं जड. बेटाच्या मध्यावर जाड, किनाऱ्याकडे पातळ होत गेलेला असा हा गोड्या पाण्याचा थर असतो. भूजलवाल्यांचा ढोबळ नियम असा, की थराची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर, त्याच्या चाळीसपट गोडं पाणी खाली. लहान बेटांवर ही "वर"ची उंची काही सेंटिमीटरांतच मोजावी लागते. आता हाच नियम उलटा लावून बघा. पंप लावून पातळी १० सेंटिमीटर उतरवली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर सरकू बघतं. प्रत्यक्षात मधे मचूळ पाण्याचा पट्टा असतो, म्हणून हाताशी असलेलं पाणी नियमातल्या आकड्यापेक्षाही कमीच.

हवामान बदलाचा घाव बसतो तो इथे. समुद्र चढला, किनारा झिजला की बेटाची रुंदी घटते आणि थर बारीक होतो. वादळात लाटा बेटावर चढल्या की मीठ वरूनही मुरतं, आणि ते धुऊन निघायला पुढचे अनेक पाऊस लागतात. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी रोई-नामूर बेटावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा, की उत्सर्जन असंच चालू राहिलं तर बहुतेक सखल प्रवाळ बेटं या शतकाच्या मध्याच्या सुमारास राहण्याजोगी उरणार नाहीत. जमीन तेव्हाही पाण्याच्या वरच असेल. पण दरवर्षी लाटा आत येऊ लागल्या, की गोड्या पाण्याला सावरायला उसंतच मिळणार नाही.

त्या लाटा अडवतं कोण? बेटाभोवतीची प्रवाळभिंत. जगभरच्या मोजमापांचा एकत्रित हिशेब सांगतो, की येणाऱ्या लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा ही भिंत जिरवते. भिंत जिवंत असेल तोवर वाढते, मोडली तर स्वतःला भरून काढते. पण पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या अंगातली शैवालं बाहेर टाकतात. रंग आणि बहुतेक अन्न त्यांच्याकडूनच मिळत असतं, म्हणून प्रवाळ पांढरे पडतात आणि तसंच चालू राहिलं तर उपाशी मरतात. लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे मोठे फटके खाल्लेत. १९९८ ते २०२२ या काळात तिथलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा अंदाज तर असा, की तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, आणि २ अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : बेटाचा विकास आराखडा करायचा असेल तर पहिली रेघ पाण्यात ओढा. आधी प्रवाळभिंत, मग खाजण (भिंत आणि बेट यांच्यामधलं उथळ पाणी), मग भूजलाचा थर, आणि त्यातून जे उरेल त्यावर रस्ते, जेटी, हॉटेलं. आपण नेमकं उलट करतो. बेटांवरच नाही, सगळीकडेच.

नागनदीकाठ :

भाऊ, लिहिलं लय बेस. "सगळीकडेच" वाचलं आन् २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवली. चार तासात १०० मिलिमीटरच्या वर पाणी पडलं, अंबाझरी ओसंडला, नाग नदी आमच्या घरात. फ्रिज तरंगून राहिला होता बाप्पा. नदी आपल्याच जागेतून गेली, आपण तिच्या जागेत घरं बांधून बसलो. तवा नकाशा पहिले पाण्याचा पाहिजे, हे मले शंभर टक्के पटते.

पण मले एक सांगा. समुद्र असा किती चढला आतापर्यंत? आन् चढून राहिला तर बेटाभोवती चांगली पक्की भिंत काहून नाही बांधत?

मृदावकाश :

भाऊ, १९०१ ते २०१८ या काळात जगातली सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि वेग वाढतो आहे. वीतभर वाटते. पण जमीनच मीटर-दीड मीटर उंच असेल, तर भरती, वादळ आणि ही वीत एकाच दिवशी आली की पाणी उंबऱ्यावर येतं.

भिंतीचं म्हणाल तर मालदीवची राजधानी माले हे उदाहरण आहे. १९८७ मध्ये तिथे लाटा शहरात घुसल्या, त्यानंतर जपानच्या मदतीने भोवती काँक्रीटची भिंत झाली. तिचा उपयोगही झाला. पण माले म्हणजे काठोकाठ बांधलेलं राजधानीचं शहर. बाकीच्या शेकडो बेटांना तसं वेढायला पैसा कोण देणार? शिवाय भिंत वरून येणारी लाट अडवेल, खालून सच्छिद्र प्रवाळातून येणारं खारं पाणी अडवत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. प्रवाळ बेट ही हलती वस्तू आहे. प्रशांत महासागरातल्या तुवालू देशाच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ अशी हवाई आणि उपग्रह चित्रं ताडून पाहिली, तेव्हा एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली निघाली. समुद्र चढत असतानाही! काही बेटं झिजली, काही वाढली, काही सरकली. कारण पोपटमासा प्रवाळ खरवडून खातो आणि वाळू बाहेर टाकतो, मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचं साचतात, आणि लाटा तो माल उचलून बेटावर रचतात. हे चालू राहायचं तर भिंत जिवंत हवी आणि किनारा मोकळा हवा. चहूबाजूंनी काँक्रीट केलं तर नवी वाळू बसणार कुठे? उलटं टोकही आपल्याच देशात आहे. लक्षद्वीपमधल्या बंगारामजवळचं परळी-१ नावाचं छोटं निर्मनुष्य बेट पूर्ण झिजून गेल्याची नोंद २०१७ मध्ये झाली.

खारंवारं :

मी लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, नोकरीनिमित्त राहिलोय, मूळ नागपूरच्या महालचा. विहिरींबद्दल थोडं सांगतो.

प्रत्येक घराला विहीर असतेच. आपल्याकडच्यासारखी खोल नव्हे. काठावर वाकलं तर हात-दोन हातांवर पाणी आणि तळाला स्वच्छ पांढरी वाळू. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकांनी दाखवलं, की भरतीला विहिरीतलं पाणी किंचित वर येतं आणि ओहोटीला उतरतं. खडूने आतल्या कडेला खूण केली की सरळ दिसतं. तोवर मला कळलंच नव्हतं, की आपण समुद्रावरच तरंगणारं पाणी उपसतोय. एप्रिल-मेमध्ये चहाची चव बदलायची. अंगाला साबण लागायचा नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शोषखड्डे. प्लॉट लहान, घरं वाढलेली, त्यामुळे विहीर आणि शौचालयाचा खड्डा यांच्यात दहा-बारा पावलंसुद्धा नसतात. वाळू काही अडवत नाही, मैला सरळ त्याच थरात. तेव्हा खारटपणा हे निम्मंच दुखणं. उरलेलं निम्मं आपण माणसंच तयार करतो, आणि ते समुद्र न चढताही होतं.

कवरत्तीला २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा. रोज एक लाख लिटरचा. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफाळवायचं आणि तीनशेहून अधिक मीटर खोलीवरच्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. फार सुंदर काम आहे. पुढे मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरही असे प्रकल्प झाले. आमच्या पिण्याचा प्रश्न त्यानेच सुटला. पण तो चालतो विजेवर, आणि तिथली वीज मुख्यतः डिझेलवर, जे जहाजाने येतं. पावसाळ्यात जहाजं रखडली की सगळ्यांचं लक्ष डिझेलच्या टाकीकडे. मालेमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये अशाच एका मोठ्या प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताने विमानांतून आणि जहाजांतून पाणी पाठवलं होतं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. म्हणून छपरावरच्या पावसाची टाकी प्रत्येक घराला हवीच. यंत्र असलं तरी हवी.

संध्या_बर्डी :

खारंवारं दादा, फार छान लिहिलंत. खडूची खूण डोळ्यांसमोर आली. मासेमारीचं काय? तिथे ट्यूना हेच उत्पन्न ना?

खारंवारं :

होय ताई, ट्यूना आणि नारळ. आणि ट्यूनाचीही तार प्रवाळालाच बांधलेली आहे. तिकडे जाळं ओढून ट्यूना पकडत नाहीत, गळ-काठीने एकेक मासा उचलतात. त्यासाठी पहाटे खाजणात बारक्या जाळ्याने जिवंत आमिष-मासे धरायचे, होडीतल्या पाण्याच्या कप्प्यात ठेवायचे आणि खोल समुद्रात थवा दिसला की मुठीमुठीने उधळायचे. वरून पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे ट्यूनाला वाटतं लहान माशांचा मोठा थवा आहे. बिनकाट्याच्या गळाला मासा लागला की काठीच्या एका झटक्यात तो होडीत. फार जुनं कसब आहे, आणि समुद्र न ओरबाडणारं. पण हे आमिष-मासे राहतात फांद्याफांद्यांच्या प्रवाळात, आणि तापलेल्या पाण्यात आधी मरतात ते हेच फांद्यांचे प्रवाळ. आमिष नाही तर होडी निघत नाही. तिथले वयस्क मच्छीमार हे कुठल्याही अहवालाआधीपासून सांगत होते.

गोरेवाडा_पाखरू :

पाणी आणि माणसं आली, आता प्राण्यापक्ष्यांसाठी माझी भर.

सखल बेटांवर जीव समुद्राकडून कोंडीत सापडतो, उंच बेटांवर डोंगरमाथ्याकडून. हवाईचे हनीक्रीपर नावाचे छोटे जंगलपक्षी बघा. तिथे मुळात डासच नव्हते, एकोणिसाव्या शतकात जहाजांतून गेले. त्यांच्याबरोबर पक्ष्यांचा मलेरिया पसरला आणि खालच्या जंगलातले पक्षी संपले. वर थंडी असल्याने डास पोहोचत नव्हते, म्हणून उरलेले पक्षी माथ्यावर तग धरून होते. आता वरचं जंगलही उबदार होतंय आणि डास चढतायत. माथ्याच्या वर पक्षी जाणार कुठे? २०२३ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने हवाईचे आठ जंगलपक्षी, त्यांतले बहुतेक हनीक्रीपर, नामशेष म्हणून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून काढले. उरलेल्यांसाठी आता विशिष्ट जिवाणू असलेले नर डास सोडतायत, म्हणजे माद्यांची अंडी फुटत नाहीत.

दुसरं उदाहरण ब्रॅम्बल के या ऑस्ट्रेलियाच्या चिमुकल्या वाळूबेटाचं. तिथला मेलोमिस नावाचा उंदीर जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. वारंवार समुद्राचं पाणी चढून झाडोरा गेला, त्याचा निवारा आणि अन्न गेलं. २००९ नंतर तो दिसला नाही. माणसाने घडवलेल्या हवामान बदलामुळे संपलेला हा पहिला सस्तन प्राणी मानतात. उंदरासाठी कोण रडणार, असं कुणी म्हणेल. मला मनापासून वाईट वाटतं.

कासवांचं तर लिंगच वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर घरटं गेलं की माद्या जास्त. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या वयात न आलेल्या हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या, हा अभ्यास २०१८ चा.

वाडीवाला :

मी जरा वेगळं मांडतो, कृपया राग मानू नका. सगळे धोके मान्य. पण बेटांवरच्या लोकांना दवाखाना, बंदर, रोजगार नको का? आणि अंदमान-निकोबारमधलं ग्रेट निकोबार, जिथे मोठं बंदर आखलंय, ते तर मलाक्का सामुद्रधुनी या जहाजांच्या मोठ्या वाटेच्या तोंडावर. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आपण नागपुरात, सगळ्या बाजूंनी जमीन असलेल्या गावात बसून "काही बांधू नका" म्हणणं सोपं आहे.

मृदावकाश :

राग कशाला, प्रश्न रास्तच आहे. दवाखाना आणि जेटी हवीच, आणि पाळत ठेवायला नौदलही हवं. माझा प्रश्न जागेचा आणि आकाराचा आहे.

ग्रेट निकोबार हे प्रवाळाचं सखल बेट नव्हे, तिथे डोंगर आहेत, नद्या आहेत. पण २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात त्याचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचलं. तिथला दीपस्तंभ जमिनीवर होता तो पाण्यात उभा राहिला. हवामान बदलाने शंभर वर्षांत चढेल त्याहून जास्त समुद्र काही मिनिटांत चढला. उत्तर अंदमानात उलट झालं, जमीन वर आली आणि प्रवाळ उघडे पडून वाळले. अशा ठिकाणी गॅलेथिया उपसागरात मोठं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर आखलंय, सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवायचं आहे. त्याच किनाऱ्यावर चामडीपाठीची कासवं अंडी घालतात. २०२१ मध्ये तिथल्या अभयारण्याचा दर्जा काढला गेला आणि २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. झाडांची भरपाई हरियाणात. निकोबारच्या वर्षावनाची भरपाई हरियाणात होईल हे माती ओळखणारा कुणीही म्हणणार नाही, आणि मीही म्हणणार नाही.

त्सुनामीनंतरची एक गोष्ट मात्र आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने बघावी. जमीन खचल्याने निकोबारची जवळपास सगळी खारफुटी बुडून मेली. पण जिथे समुद्र नव्याने आत आला आणि मागे मोकळी सखल जमीन होती, तिथे काही वर्षांत नवी खारफुटी रुजली. मागे रस्ता किंवा भिंत असती तर तिला जागाच मिळाली नसती. समुद्र चढताना खारफुटीला मागे सरकायला जागा राखून ठेवणं, हे बेटांवरचं सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे. पण ती राखलेली जमीन नकाशावर "रिकामी" दिसते, आणि रिकामी जागा कुणालाच बघवत नाही.

वाडीवाला :

खारफुटीचा मुद्दा पटला. बंदराबद्दल माझं मत कायम आहे, पण हरियाणाबद्दल तुमच्याशी सहमत.

नागनदीकाठ :

"रिकामी जागा कुणालाच बघवत नाही" याले +१. आमच्या ले-आउटच्या मागं तसाच पट्टा होता नाल्याचा.

संध्या_बर्डी :

आणि लोकांना जावंच लागलं तर? किरिबाती या बेटांच्या देशाने फिजीत जमीन घेतली असं वाचलं होतं.

मृदावकाश :

घेतली, २०१४ मध्ये, वानुआ लेवू बेटावर सुमारे २० चौरस किलोमीटर. तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, वर्षाला २८० पर्यंत नागरिकांना तिथे स्थायिक होता येतं. त्याच वर्षी राज्यघटनाही बदलली, की जमीन गेली तरी राष्ट्र म्हणून आम्ही कायम राहू. लक्षद्वीपच्या माणसाला व्हिसा लागणार नाही, तो कोचीला जाईल. म्हणूनच त्याचं जाणं कुणाच्या नजरेतही येणार नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

प्लॅनिंगवाली :

नमस्कार काका. मी नागपुरातच नियोजनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा वाचून प्रबंधासाठी लक्षद्वीपचं एक बेट घ्यावंसं वाटतंय. पण मार्गदर्शक म्हणतात, इतक्या लांबचं कशाला, नाग नदीवर कर. सुरुवात कुठून करू?

मृदावकाश :

बेटा, मार्गदर्शकांचं ऐकून नाग नदी घेतलीस तरी वाईट नाही, पद्धत तीच आहे. बेटच घ्यायचं असेल तर दोन कागद आधी वाच : २०११ ची द्वीप संरक्षण क्षेत्र अधिसूचना, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीच्या शिफारशींवरून झालेले एकात्मिक बेट व्यवस्थापन आराखडे. प्रत्येक बेटाचा वेगळा आराखडा आहे. मातीसाठी लांब जायला नको, अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आहे, तिथल्या ग्रंथालयात विचार.

मग नकाशावर रस्ते काढू नकोस. आधी विहिरी मांड. प्रत्येक विहिरीशेजारी तिचा शोषखड्डा, दोघांतलं अंतर, आणि मे महिन्यातला खारटपणा. त्यावर वादळात पाणी कुठवर आलं होतं ती रेघ घाल. २०१७ च्या ओखी चक्रीवादळाचा फटका कल्पेनी आणि मिनिकॉयला बसला होता, ती रेघ तिथल्या लोकांना विचारूनच मिळेल. मग छपरांचं क्षेत्रफळ काढ आणि चार महिने पाऊस नसेल तर माणशी किती लिटर टाकी लागेल ते मांड. खाजणात कुठे काय बांधायचं ठरलं असेल ते सगळ्यात शेवटी बघ.

खारंवारं :

आणि जायचं ठरलं तर परवाना लागतो, त्याला वेळ लागतो, आत्ताच अर्ज कर. मे महिन्याचंच बघ, पावसाळ्यानंतर गेलीस तर सगळ्या विहिरी गोड लागतील. कवरत्तीच्या त्या काकांशी गाठ घालून देतो, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.